तातू पेटीवाल्याची किटली

२०२३ साली तातू चौसष्ट वर्षांचा होता, मी सत्तरीला टेकलो होतो, आणि आमच्या दोन घरांत मिळून एकच चालती गाडी होती. ती त्याची. चालती होती हे त्याचं म्हणणं.

तातू आता नाही. गेल्या शिमग्याच्या आधी गेला. मेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं असं आमची सून म्हणते. तातू जिवंत माणसाबद्दल कधी बरं बोलला नाही, मग त्याच्या वाट्याला हे फुकटचं बरं कशाला? तोच वरून ओरडेल, "खोटा कित्याक लिवतंस रे मेल्या?" म्हणून. तेव्हा जसा होता तसा लिहितो. माझं शिक्षण चौथीचं, तेही धड नाही. शुद्धलेखन ज्याला हवं त्याने दुसरीकडे बघावं.

जामसंड्यात आमची घरं शेजारी, मधे एक चिऱ्याचा गडगा. कमरेएवढी दगडी भिंत. त्या गडग्यावर हात ठेवून तातू सकाळी पहिली शिवी कोणाला तरी घालायचा, मग चूळ भरायचा. उंचीने बुटका, मान जाड, पुढचे दोन दात काळे. दात काळे पडले ते खिळ्यांनी. आंब्याच्या लाकडी पेट्या ठोकायचं त्याचं काम. देवगडचा हापूस मुंबईला जायचा तो अर्धा तातूच्या पेटीतून, असं तो सांगायचा. खिळे मूठभर तोंडात भरायचा, जिभेने एक एक पुढे ढकलायचा, हातोडीचा एकच घाव. तोंडात खिळे असताना सुद्धा माणूस शिव्या घालायचा, आणि त्या स्पष्ट कळायच्या.

मग पुठ्ठ्याचे खोके आले. एका बागायतदाराने खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन सांगितलं, "तातू, यंदा पेटयो नको, खोके घेतलंव." तातूने तोंडातले खिळे त्याच्या अंगावर थुंकले. सगळे. पांढरा सदरा होता त्याचा. त्या दिवसापासून तातूला पेटीचं काम कोणी दिलं नाही आणि त्याने मागितलंही नाही. पेटीवाला हे नाव तेवढं राहिलं.

कुठलीही वस्तू हातात आली की पहिल्यांदा नाकाला लावायची, ही त्याची सवय. लाकूड, पत्रा, नटबोल्ट, कोणाच्या घरची लग्नपत्रिका. वास घेऊन मग तोंड वाकडं करायचा. विकत आणलेली वस्तू त्याला चोरीची वाटायची. म्हणजे दुकानदाराने आपल्याला लुटलं, कंपनीने दुकानदाराला लुटलं, आणि वस्तू बिघडणार ती बिघडणारच. "मी केलंय ता मोडला तर माका म्हायत आसा खंय मोडला ता," म्हणायचा. आणि कोणी काही सुचवलं की एकच वाक्य, "माका शिकवू नको." हे वाक्य त्याने डॉक्टरला ऐकवलं, भटजीला ऐकवलं. मी उभा जन्म ट्रक हाकला, घाट डोळे मिटून उतरलोय, तर मला गाडीबद्दल हे वाक्य त्याने किती वेळा ऐकवलं असेल!

त्याच्या बायकोच्या, म्हणजे वयनीच्या चष्म्याची काडी मोडली. बाजारात जाऊन बसवायची तर तातूने तांब्याच्या तारेची काडी केली. केली सुरेख, पीळ देऊन. पण तार ती तार. वयनीच्या कानामागे जखम झाली, चिघळली, बरी झाली, परत झाली. मी एकदा गडग्यावरून म्हटलं, "अरे, कान तुटात तिचो." तर म्हणाला, "कान तुटलो तरी दिसता मां? चष्मो दिसूक आसता." वयनीने ती तार शेवटपर्यंत वापरली. कानामागे हळद लावून.

माझी बायको गेली तेव्हाची गोष्ट. घर माणसांनी भरलेलं, मी कोपऱ्यात बसलेला. तातू आला. सांत्वनाला आला असं मला वाटलं. तो सरळ तिरडीपाशी गेला, बांबूला हात लावला, वाकून वास घेतला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "ह्यो वासो कोणी तोडलो? हिरवो आसा. मधीच वाकतलो." माझा भाऊ त्याच्या अंगावर धावला. तातूने त्याला बाजूला सारलं, तिरडी सगळी सोडली, स्वतःच्या मांगरातून, म्हणजे बागेतल्या खोपटातून, जुने वासे आणले, काथ्याच्या दोरीने परत बांधली. अर्धा तास प्रेत तसंच ठेवायला लागलं. बायका रडायच्या थांबून बघत बसल्या. जाताना एवढंच म्हणाला, "आता हालाची नाय." खरंच हलली नाही. मला त्या दिवशी त्याला मारावंसं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

आता गाडीचं सांगतो.

पेट्या बंद झाल्यावर तातूने एक जुनी डिझेल जीप घेतली. बागेत माणसं नेणं, चिरेखाणीवर कामगार सोडणं, असली भाडी. आमच्याकडे दर्याचा खारा वारा आणि खाणीची लाल धूळ, दोन्ही गाडीचा जीव घेतात. इंजिन हवा ओढतं ती गाळून घेणारा एक पत्र्याचा डबा असतो. तो खाऱ्या वाऱ्याने कुजला, बोट घातलं तर आरपार जाई. धूळ थेट इंजिनात. गाडी दम्याच्या म्हाताऱ्यासारखी खोकायला लागली.

जामसंडे नाक्यावर अझीमभायचं गॅरेज. सज्जन माणूस. त्याने एका भंगार गाडीचा चांगला डबा काढून ठेवला होता, तो तातूपुढे धरला. "मेस्त्रीनू, ह्यो घेवा. पैसे नको. पडून आसा माझ्याकडे."

तातूने डबा नाकाला लावला. "मेलेल्या गाडयेचो डबो माझ्या जित्या गाडयेक लावतंस?"

"अवो, फुकट देतंय."

"फुकट देतंस म्हणजे तुकाच नको आसा." आणि डबा रस्त्यापलीकडे व्हाळात, म्हणजे ओढ्यात, फेकला. अझीमभाय माझ्याकडे बघून म्हणाला, "अण्णा, ह्येका घेवन जावा हयसून. माझ्या हातात पानो आसा."

त्यानंतर आठवडाभर तातूच्या खळ्यात जे चाललं ते मी गडग्यावरून बघत होतो. न्हाणीच्या सांडपाण्याचा पीव्हीसी पाईप त्याने घेतला. पाईप नुसता तापवला तर वाकताना चिरडतो, म्हणून त्यात दाबून वाळू भरली, दोन्ही तोंडं चिंध्यांनी बंद केली, चुलीच्या निखाऱ्यावर फिरवत फिरवत शेकला आणि गुडघ्यावर हळूच वाकवला. इंजिनापासून बॉनेटच्या कडेने बाहेर येणारं सुरेख वळण. मग दुधाची अल्युमिनियमची किटली. तिचं बूड खिळ्याने भोकं पाडून चाळणीसारखं केलं. आत गाळायला काय? तर नारळाचा काथ्या. नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, कुटून त्याने काथ्या काढला, वयनीच्या फणीने विंचरला, थरावर थर लावला. वर वयनीची पिठाची चाळण कापून बसवली. वयनी म्हणाली, "आता पीठ कशान चाळू?" तो म्हणाला, "हातान निवड, हात फुकट आसत."

धूळ चिकटून राहावी म्हणून काथ्याला तेल हवं. इंजिन ऑईल विकत असतं. तातूने घरच्या नारळाचं घाण्यावरचं खोबरेल ओतलं. किटली गाडीच्या बाहेर, डाव्या मडगार्डच्या वर, भोकांचं बूड पुढे करून पट्टीने आवळली, झाकणातून पाईप इंजिनाकडे. बाहेर का? तर थंड वारा इंजिनाला जास्त ताकद देतो. हे बरोबर आहे. जोडांना सायकलची ट्यूब आणि क्लिपा. गाडी सुरू झाली की खोबरं भाजल्यासारखा वास यायचा. पोरं मागे धावत ओरडायची, "किटलीवालो इलो, चाय घेवन इलो!" तातू गाडी थांबवून दगड मारायचा.

पण काम चोख होतं, हे मी लपवणार नाही. त्याने किटलीच्या आतल्या तोंडाला पांढऱ्या बनियनचा तुकडा बांधला आणि दिवसभर खाणीच्या रस्त्यावर गाडी फिरवली. संध्याकाळी तुकडा सोडला तर पांढराच्या पांढरा. तो तुकडा घेऊन तातू नाक्यावर गेला, अझीमभायच्या तोंडासमोर धरला. "बघ! तुझ्या बापाशीन बघलेली काय असली किटली?" मग सगळ्या बाजारातून फिरला. हॉटेलात चहा पिणाऱ्यांच्या टेबलावर तो तुकडा टाकायचा. रात्री किटली सोडून घरात न्यायचा, कोणी चोरील म्हणून चुलीशेजारी ठेवायचा. पावसाळा सरला, दिवाळी झाली, किटली झकास चालली. तातूची मान आणखी जाड झाली.

तातूला एकच मुलगी, उशिरा झालेली. प्रणाली. बापाचा बुटकेपणा घेतला होता, जीभ आईची, म्हणजे नव्हतीच. नर्सचं शिकली. कसं शिकली ते वयनीला आणि तिच्या कानातल्यांना ठाऊक. बाप म्हणायचा, "लोकांचा गू-मूत काढूक शिकता." जानेवारीत तिला कोल्हापूरच्या एका मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलं. निवड झाली होती. ठरल्या दिवशी सकाळी अकराच्या आत मूळ दाखले घेऊन स्वतः हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला जागा. नोकरी पक्की, राहायला खोली. पोरगी त्या दोन दिवसांत हसताना दिसली. मी तिला एवढीशी असल्यापासून बघत होतो, तिचे दात मला तेव्हा कळले.

ती म्हणाली, आदल्या दिवशी एष्टीने जाते, मैत्रिणीकडे राहते. तातू पेटला. "माझी गाडी दारात असताना माझा चेडू एष्टीन जातला? लोक काय म्हणतले? किटली चलणा नाय म्हणान चेडवाक एष्टीत बसयल्यान!"

वयनी गडग्यापाशी येऊन मला हळूच म्हणाली, "अण्णानू, तुमी वांगडा जावा. तुमका घाट म्हायत आसा." म्हणून मी गेलो.

अंधारातच निघालो. आदल्या संध्याकाळी तातूने घाट चढायचा म्हणून काथ्यावर खोबरेल आणखी ओतलं होतं, चांगलं निथळेपर्यंत. किटली चुलीशेजारून आणून बसवली, गरम होती. नांदगावपर्यंत गाडी पळाली. तातू स्टिअरिंगवर ताल धरत होता. पुढे माझ्या आणि त्याच्या मधे प्रणालीची दाखल्यांची फाईल. पोरगी मागे, इस्त्रीचा पंजाबी ड्रेस चुरगळू नये म्हणून ताठ बसलेली.

फोंड्याचा घाट लागला. धुकं. काचेतून हात बाहेर काढला तर बोटं बधिर. तिसऱ्या वळणावर गाडीने पहिला दम टाकला. मग काळा धूर. दुसऱ्या गिअरात ओढेना, पहिल्यात गुरगुरायला लागली. वर वर जावं तसा जीव घुसमटत गेला, आणि घाटमाथ्याच्या थोडं अलीकडे ती थांबली. तातूने किल्ली फिरवली. धूर, खोकला, बंद.

मला आवाजावरूनच कळलं. हवा मिळत नव्हती. मी उतरलो, किटलीचं झाकण उघडलं. आत पांढरंशुभ्र. तुपाच्या बरणीसारखं. खोबरेल गोठून काथ्याची वीट झाली होती. थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत. बायका बाटली उन्हात ठेवतात. पण आम्ही समुद्राकाठची माणसं, आमची थंडी ती केवढी. आणि तातूची किटली तर रोज चुलीच्या उबेला निजायची.

मी म्हटलं, "तातू, नळी काढ. नुसती नळी काढ. गाडी उघड्या तोंडान जायत. एक दीस धूळ खाल्लीन तर मराची नाय."

तो खाली उतरला. आत बघितलं. नाक जवळ नेलं. झाकण परत लावलं, एक एक क्लिप घट्ट आवळली.

"ऊन येवंदे. वितळतला," म्हणाला.

म्हणजे त्याला कळलं होतं. हे मी नीट लिहून ठेवतो. न कळणारा माणूस नव्हता तो.

"ऊन खंय आसा? धुक्यात हात दिसणा नाय. चेडवाची नोकरी आसा रे!"

"चेडू माझा आसा. नळी पण माझीच आसा."

मी त्याला काय विचारायचं म्हणून क्लिपेला हात घातला. त्याने हातातला पाना माझ्या बोटांवर मारला. रागाने वेडा होऊन नाही. नेम धरून, खिळ्यावर मारतात तसा, एकच घाव. माझं मधलं बोट आजही सरळ होत नाही. पोरगी किंचाळली, तिने तिची ओढणी माझ्या हाताला गुंडाळली. इस्त्रीची ओढणी, सगळी लाल.

खालून एक ट्रक आला. ड्रायव्हर कोल्हापूरकडचा, त्याने मान बाहेर काढली. "काय झालं ओ मामा? बंद पडली व्हय?"

तातू हापिसात बोलतात तसं ताठ मराठीत बोलला. "बंद नाही पडली. थांबवली आहे."

"मग थांबवा की, आमचं काय जातंय. ताई, तुमास्नी कुठं जायाचं?"

प्रणाली पुढे झाली. "कोल्हापूरला. दादा, थांबा हां, एकच मिनिट." ती जीपकडे धावली. तातू तिच्या आधी जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता. फाईल त्याच्या मांडीखाली.

"बाबा, फायल द्या."

"बस मागे."

"बाबा, अकराच्या आत पोचूचा आसा. मी जातंय त्येंच्या वांगडा. तुमी मागसून येवा. तुमची गाडी बरी आसा, मी खंय नाय म्हणतंय? फायल तेवढी द्या."

"बापाशीच्या गाडयेतसून इलंस, बापाशीच्या गाडयेतसून जातलंस."

तिने फाईलचा कोपरा धरून ओढला. त्याने मांडी दाबली. कागद फाटेल म्हणून तिनेच सोडला. मी एका हाताने काय करणार? तरी मी त्याच्या गळपट्टीला धरलं, आईवरून शिवी दिली, जी मी सत्तर वर्षांत कोणाला दिली नव्हती. तो हलला नाही. समोरच्या काचेतून धुक्याकडे बघत होता. ट्रकवाल्याने थोडा वेळ वाट बघितली, हॉर्न दिला आणि गेला. त्यानंतर एष्टी गेली. पोरीने हात केला नाही. मोबाईलला रेंज नव्हती.

ऊन आलं ते साडेदहाच्या सुमाराला. पहिल्यांदा किटलीच्या झाकणावर, मग बॉनेटवर. तातू उतरला, किटलीला दोन्ही हातांनी कवटाळून उभा राहिला, तापलेलं पोर छातीशी धरावं तसा. थोड्या वेळाने तेलाचा थेंब टपकला. त्याने किल्ली फिरवली. गाडी खोकली, सुरू झाली. तातू हसला. काळे दात दोन्ही दिसले.

राधानगरीच्या अलीकडे रेंज आली. प्रणालीने दवाखान्यात फोन लावला. पलीकडची बाई काय बोलली ते ऐकू आलं नाही, पोरगी फक्त "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत होती. मग तिने मोबाईल पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली. पुढच्या मुलीला घेतलं होतं.

मी म्हटलं, "फिरव आता गाडी."

तातूने फिरवली नाही. कोल्हापुरात नेली, विचारत विचारत दवाखान्याच्या फाटकासमोर उभी केली. दोन वाजून गेले होते. त्याने फाईल मांडीखालून काढली, मागे पोरीच्या मांडीवर टाकली आणि मला म्हणाला, "पोचली मां गाडी?"

मग समोरच्या खानावळीत जाऊन तो जेवला. तांबडा रस्सा दोनदा मागून घेतला. आम्ही दोघं गाडीत बसून राहिलो. पोरीने माझ्या हाताची ओढणी सोडून स्वच्छ पट्टी बांधली, पर्समध्ये होती तिच्या. बांधताना पट्टीला एक सुरकुती पडू दिली नाही. चांगली नर्स झाली असती.

काळोख पडल्यावर घरी पोचलो. वयनी खळ्यात उभी होती. तिने मुलीकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि नवऱ्याला विचारलं, "जेवक वाढू?"

"जेवन इलंय," तातू म्हणाला. किटली सोडली आणि आत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात गळ्यात अडकवून पडवीत बसलो होतो. तातू किटली घेऊन खळ्यात आला. ती उन्हात ठेवली, शेजारी उकिडवा बसून विडी ओढली. तेल सुटल्यावर उठला, किटली मडगार्डवर चढवली, क्लिपा आवळल्या, गाडी सुरू केली. लगेच सुरू झाली. त्याने ॲक्सिलेटर दाबून दाबून मला ऐकवली. "आयक रे अण्णा, आयक! खंय अडाकता?" मग घराकडे तोंड करून हाक मारली, "ये गो." प्रणाली आली. जुना गाऊन, डोक्याला फडका, हातात जेवणाचा डबा. ती मागे बसली. माझ्याकडे बघितलं नाही. तातूने तिला काजूच्या कारखान्यावर नेलं, मुकादमापुढे उभं केलं, बिया फोडायला लावलं आणि परत आला. येऊन गडग्यावर हात ठेवून मला ओरडून सांगितलं, जाता येता गाडी एकदा सुद्धा थांबली नाही.